उतरवणीचं काम चालू आहे

बांधकाम पलटण ठेवायची की मोडायची हे ठरवायला राजधानीतून समिती येणार असल्याचं कळलं, तेव्हा कर्नलसाहेबांनी सगळ्यात आधी आपल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. समिती काही खिडकीतून येणार नव्हती. पण साहेबांची निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली होती आणि तिथवर पोचेपर्यंत अंगाला वारासुद्धा लागू नये, अशी त्यांची एकंदर वृत्ती झाली होती. खिडक्या लावून झाल्यावर त्यांनी मेजरला बोलावलं.

मेजरला पलटणीत सगळे ओळंबा म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबतही नसत. उंच, सडसडीत, कुठंही उभा केला तरी सरळ लोंबणारा. गवंड्याच्या ओळंब्यासारखाच तो दुसऱ्याच्या भिंतीतलं वाकडेपण चटकन दाखवतो आणि स्वतः एका विटेचंही ओझं उचलत नाही, असं जवानांचं मत होतं. त्यात बरंच तथ्य असल्यामुळे मेजर तिकडे दुर्लक्ष करत असे.

साहेबांचा हुकूम सोपा होता. समितीला वाचायला देण्यासाठी पलटणीचा इतिहास लिहायचा. मेजर कॉलेजात इतिहास घेऊन पास झाला होता. ही गोष्ट तो स्वतः विसरून गेला होता, साहेबांना मात्र नेमकी आठवली. इतिहासात पराक्रम असावा, पलटणीची देशाला असलेली गरज ठसठशीत यावी आणि साहेबांचं नाव शक्यतो कुठं येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“पराक्रम कुठला घालू, सर?”

“असेल तो घाला. नसला तर भाषा भारदस्त ठेवा.”

पराक्रम शोधायला मेजरला वेळ लागला नाही, कारण तो नव्हताच. मोठ्या लढाईच्या अख्ख्या काळात पलटणीकडून गोळी एकदाच सुटली होती, तीही स्वतःच्याच गोदामात, आणि ती स्वयंपाक्याच्या कढईला लागली होती. कढईचं भोक बुजवून त्याच संध्याकाळी तिच्यात भाजी झाली. पलटणीचं काम मुळातच निराळं होतं. बाकीचं सैन्य पुढे निघे, तेव्हा ही त्याच्याही आधी गेलेली असे, कारण रस्ता तिला करायचा असे. चिखलात फळ्या टाकायच्या, ओढ्यावर पूल टाकायचा, मुक्कामाला छप्पर आणि छपरापासून सोयीच्या अंतरावर संडास उभे करायचे. सेनापतींच्या आठवणींत चढाया असतात, संडास नसतात. पोट बिघडलेल्या सैन्यानं आजवर एकही किल्ला घेतलेला नाही, असं एक वाक्य मेजरनं लिहिलं, त्याच्यावर खूश झाला, आणि कर्नलसाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यावर खोडून टाकलं.

लढाया संपल्यावर पलटणीच्या वाट्याला पूर, वणवे आणि भूकंप आले. नियम असा होता की संकट आलं की पलटणीनं जाऊन लागेल ते उभं करायचं, तेही लोकांचे डोळे पुसून व्हायच्या आत. आणि गरज सरली की ते सगळं उतरवून सामान गोदामात जमा करायचं. उभारणी जितकी पलटणीची, तितकीच उतरवणीही.

घोटाळा नेमका इथं होता.

पहिल्या पुरानंतर पलटणीनं गावात दवाखान्यासाठी पत्र्याची शेड टाकली. पूर ओसरला, उतरवणीचा हुकूम आला आणि जवान पहारी घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. आत एक बाई अडली होती. सुईणीनं बाहेर येऊन पहारींकडे पाहिलं, जवानांकडे पाहिलं आणि नुसते उभे काय राहता, पाणी तापवा, म्हणून फर्मावलं. जवानांनी पाणी तापवलं. मूल झालं, जवानांना चहा मिळाला, आणि एवढं झाल्यावर त्या छपराला पहार लावायला कुणाचा हात उचलेना. पण हुकूम तो हुकूम. तेव्हाच्या हवालदारानं दाराच्या चौकटीतला एक खिळा उपटला, खिशात टाकला आणि छावणीत येऊन कळवलं, की उतरवणीचं काम चालू आहे.

ते चालूच राहिलं. पुढं तर तो रिवाज झाला. गरज सरली, की सगळा लवाजमा पहारी आणि बोल्ट खोलायचे पाने घेऊन ऐटीत निघायचा, गावातले लोक चहा द्यायचे, नव्यानं भरती झालेला जवान एक खिळा नाहीतर एक बोल्ट काढायचा, टाळ्या व्हायच्या आणि तो खिळा आणून छावणीच्या जेवणघरातल्या फळीवर ठोकला जायचा. दवाखान्यानंतर शाळा झाली, पोस्ट झालं, बाजाराची शेड झाली, नदीवरचा पूल झाला. गावाला ते सगळं इतकं अंगवळणी पडलं, की ते तात्पुरतं आहे हे फक्त पलटणीलाच ठाऊक राहिलं, आणि पलटण या विषयावर बोलत नसे. वर मात्र दरवर्षी न चुकता तेच एक वाक्य जाई. वरच्यांनीही ते कधी वाचलं नसावं.

मेजरनं ते सगळे अहवाल ओळीनं वाचले. कागदोपत्री पाहिलं तर या पलटणीनं एका पिढीत काही बांधलंच नव्हतं. ती नुसती पाडत होती, आणि तेही तिला जमत नव्हतं.

मेजरचं घर छावणीच्या कडेला होतं. चार खोल्यांची लाकडी बराक, पुढे ओटी, मागे न्हाणी. घरात मेजर, गावच्या शाळेची मुख्याध्यापिका असलेली त्याची बायको आणि बायकोचे वडील नाना, अशी तीन माणसं होती. नाना याच पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. छावणीत गाठ पडली तर ते जावयाला कडक सलाम ठोकत. घरात मात्र ते जावयाला ‘जरा शिडी धरा’ म्हणत, आणि शिडी धरण्यापलीकडचं काही त्याला सांगत नसत. हातोडा धरण्याची अक्कल जन्मजात असावी लागते, असं त्यांचं मत होतं आणि ते जावयाच्या देखतच मांडलेलं होतं.

मेजरनं जेवताना सगळी कहाणी सांगितली. नानांची मान ताठ झाली. फळीवरचे निम्मे खिळे आपल्या हाताखाली निघालेले आहेत, आणि ही बराकही आपणच उभी केलीय, वादळाच्या वेळी आलेल्या अधिकाऱ्यांसाठी, हे त्यांनी पुन्हा एकदा ऐकवलं. यात काळजी करण्यासारखं काय आहे ते काही त्यांना कळलं नाही.

बायकोला कळलं. तिनं ताटात पोळी टाकता टाकता विचारलं, “पलटण मोडली तर आपलं काय?”

पलटण मोडली तर जवान इकडेतिकडे वाटले जाणार होते आणि मेजरला वाहतूक पलटणीत जाऊन टायर सांभाळायचे होते. ती छावणी देशाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिथं अधिकाऱ्यांना एकेकट्याच्या खोल्या मिळत. बायकोची शाळा इथं. नानांना थोरल्याकडे जावं लागणार. थोरल्या मुलाच्या घरी दुपारी ठोकाठोकी चालत नसे, आणि सकाळी नाना ठोकाठोकी करत नसत. एका वाक्यात सांगायचं तर तीन माणसांचं घर तीन दिशांना जाणार होतं.

“मग गाव दाखवा की समितीला,” बायको म्हणाली. “खरं ते सांगून टाका.”

खरं सांगायचं म्हणजे पलटणीनं आजवर एकही उतरवणीचा हुकूम पाळला नाही, हे कबूल करायचं. त्यात कर्नलसाहेबांची निवृत्ती गेली असती आणि निम्मे खिळे ज्यांच्या हाताखाली निघाले, त्या नानांनाही चौकशीला बोलावलं असतं. मेजरनं हे समजावून सांगितलं.

“मग खोटं सांगा.”

“ते दरवर्षी सांगून झालंय.”

नानांनी आणखी एक पोळी मागितली.

समिती तिघांची होती. मध्ये अध्यक्षबाई, त्यांच्या उजवीकडे मान डोलावणारे गृहस्थ आणि डावीकडे झोपणारे गृहस्थ. छावणीत बसलं तर निःपक्षपातीपणाला बाधा येईल म्हणून त्यांनी गावचं सभागृह मागून घेतलं होतं. आत शिरताना पलटणीच्या हवालदारानं छपराकडे असं काही मायेनं पाहिलं, की मेजरला त्याच्या पायावर पाय द्यावा लागला. हवालदाराला सगळे पहार म्हणत. तो तसाच होता, जड आणि सरळसोट. हे सभागृह भूकंपात घरं पडलेल्यांसाठी पलटणीनंच टाकलेलं होतं, पण हे समितीला ठाऊक नव्हतं.

मेजरचा इतिहास अध्यक्षबाईंनी आधीच वाचला होता. भाषा भारदस्त आहे, एवढं त्यांनी मान्य केलं. मग चष्मा काढून त्यांनी कर्नलसाहेबांना विचारलं, की या पलटणीनं बांधलेली आणि आज उभी असलेली एक, फक्त एक वास्तू त्यांना दाखवता येईल का. कर्नलसाहेब पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाल्यावरही पीत राहिले. शेवटी मेजरला उभं राहणं भाग पडलं.

“उतरवणीचं काम चालू आहे, मॅडम.”

“केव्हापासून?”

“बरीच वर्षं झाली.”

“आणि बांधायला किती लागतात?”

“चार-दोन दिवस.”

डोलणारी मान थांबली. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, की चार दिवसांत उभं करतात ते यांना एका पिढीत पाडता येत नाही, असली पलटण देशाला कशासाठी हवी ते त्यांना समजलेलं नाही. समितीचा मुक्काम आठवडाभर आहे. राहिलेली सगळी उतरवणी तेवढ्यात पुरी करा, सामान गोदामात टाका, म्हणजे पलटण मोडीत काढायला सगळे मोकळे.

कर्नलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. निदान हुकूम तरी स्पष्ट होता. ते घाईनं छावणीत परतले आणि पुन्हा खिडक्यांच्या आड गेले.

मेजर सभागृहाच्या पायरीवर उभा राहिला. समोर बाजाराची शेड होती. तिच्याखाली न्हावी कुणाच्या तरी गालाला साबण फासत होता. पलीकडे पोस्ट, त्याच्यामागे शाळेची कौलं. हे सगळं आठवड्यात पाडायचं, म्हणजे गावानं उघड्यावर बसायचं आणि त्याच्या घरानं तीन दिशांना जायचं. हातापाया पडावं तर कुणाच्या, आणि तोंड उघडावं तर नाना अडकतात. आयुष्यभर मेजरनं दुसऱ्यांच्या भिंती कुठं कलतात एवढंच सांगितलं होतं. हुकूम कुठं कलतो, हे शोधायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“साहेब, आता हो?” पहार हवालदारानं विचारलं.

“आता हुकूम पाळायचा. नीट, शेवटपर्यंत. कुठून सुरू करू या?”

“क्रमानं जायचं तर दवाखाना आधी. पण आत पेशंट आहेत.”

“मग रिकामं काय आहे?”

“रिकामं काहीच नाही, साहेब.”

“सगळ्यात कमी माणसं कुठं आहेत?”

हवालदारानं मागं वळून सभागृहाकडे पाहिलं. “इथं. तिघं. त्यातलं एक झोपलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती कामाला बसली आणि पलटण तिच्या डोक्यावर चढली.

तिथं एक अडचण निघाली, तिचा विचार कुणीच केला नव्हता. पलटणीत पाडायचं कसं हे कुणालाच येत नव्हतं. भरती झालेल्या प्रत्येक जवानाला उभारणी डोळे मिटून करता येत असे. उतरवणीचं शिक्षण मात्र वर्षानुवर्षं पहिल्या खिळ्याशी संपत आलेलं होतं. पुढं चहा असे. बोल्ट गंजून आणि रंगाच्या थरांनी मढून तुळईचाच भाग होऊन बसले होते. पहार हवालदारानं सगळा भार टाकून एक पाना फिरवला, तर पाना वाकला. दोघांनी एका पत्र्याला दोन्हीकडून ओढलं, तर एकमेकांची चांगली ओळख झाली, पत्रा होता तिथंच राहिला. छपरावर आणि खाली मिळून सगळी पलटण जमली होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

शेवटी नानांना बोलावणं धाडलं. नाना जुनी टोपी घालून आले आणि आल्याबरोबर त्यांनी काम थांबवलं. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं, की नियमात सांध्याला एकेक बोल्ट होता, पण इथला वारा बघून नानांनी दोन-दोन घातले होते आणि वर आतून पट्ट्या मारल्या होत्या, कुणाला दिसू नयेत अशा. त्या कुठं मारल्या ते मात्र नाना विसरले होते. त्यापुढे ते खाली उभं राहून वर चढलेल्यांना ओरडत राहिले.

“हळू रे. ते रेड्याचं शिंग नाही, छपराची कैची आहे. दम धरा जरा.”

आवाज ऐकून गाव जमलं. सभागृह उतरवतायत, आणि नंतर ओळीनं सगळंच, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. पोस्टमास्तर आले. आपलं पोस्ट परवा आहे असं कळल्यावर, तोवर आलेल्या पत्रांचं काय करायचं, हे ते ज्याला त्याला विचारत सुटले. न्हावी अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून घेऊन आला. बाजाराची शेड शेवटच्या दिवसावर ढकलता येईल का, असं त्याचं म्हणणं होतं. गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं की निदान उरलेली अर्धी होईस्तोवर तरी थांबा. मुख्याध्यापिका बाई सगळी शाळा रांगेत घेऊन आल्या. मुलांनी पलटणीला मनापासून पाठिंबा दिला. तेवढा एकच गट पाडण्याच्या बाजूनं होता.

दुपारच्या सुमाराला एकदाचा एक पत्रा निघाला. उन्हाचा चौकोन थेट झोपलेल्या सभासदांच्या तोंडावर पडला. ते दचकून उठले आणि चहा झाला का, म्हणून विचारू लागले. अध्यक्षबाईंनी हातातलं वाचणं थांबवून वर पाहिलं. वर पहार हवालदाराचे बूट होते. बाईंनी मेजरला आत बोलावून घेतलं.

“हे सभागृह तुमचं?”

“तात्पुरतं आहे, मॅडम.”

“आम्ही उतरलोय ते विश्रामगृह?”

“ते उद्या. न्हाणीघरापासून सुरुवात करतोय.”

“आणि नदीवरचा पूल? आमची गाडी त्यावरूनच जायची आहे.”

“तो अगदी शेवटी ठेवलाय. आपण वेळेवर निघालात, तर आपण गेल्यावर.”

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “मेजर, तुम्ही मला धमकी देताय?”

“नाही, मॅडम. हुकूम पाळतोय. आमच्या पलटणीला त्याची सवय नाही, म्हणून तसं दिसत असेल.”

बाहेरून नानांचा आवाज आला. कुणाच्या तरी तीर्थरूपांनी कधी रंधा पाहिला होता का, असं ते विचारत होते. अध्यक्षबाईंनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की मेजरला आपण बाईंना कमी लेखलं याची मनातल्या मनात लाज वाटली.

“तुम्हाला पाडता येतं का हो?”

आता ओळंब्यासारखं लोंबत राहण्यात अर्थ नव्हता. “नाही येत,” मेजर म्हणाला. “सकाळपासून एवढा एक पत्रा निघालाय. तो परत लावायला आम्हाला थोडकाच वेळ लागेल.”

अध्यक्षबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते पाहून मान डोलावणाऱ्यांनी दोन्ही कोपरे हलवले. बाई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक उन्हात उभं होतं, पोस्टमास्तर कुणाला तरी पत्र दाखवत होते आणि मुख्याध्यापिका मुलांना पाडणं किती वाईट असतं ते समजावून सांगत होत्या, मुलं टाळ्या वाजवत होती. बाईंनी हे सगळं नीट पाहिलं. मग त्या मेजरकडे न वळताच बोलल्या.

त्यांचं म्हणणं असं, की चालू असलेलं काम अर्धवट टाकून पलटण मोडता येणार नाही. उतरवणी पुरी होईस्तोवर पलटण राहील, आणि ती कधी पुरी करायची ते पलटणीनं आपल्या सवडीनं बघावं. पण राजधानीत गेल्यावर लोक विचारणार, की हे लोक पाडतात म्हणता, तर पाडलेलं काय पाहिलंत.

“तेव्हा मी जायच्या आत एक वास्तू मला भुईसपाट झालेली दिसली पाहिजे. माणसं राहतात तसली. अगदी पायासकट. दिसली तर पलटण राहील, नाही तर नाही. कुठली ते तुम्ही ठरवा.”

“संडास चालेल का, मॅडम?” छपराच्या भोकातून हवालदारानं विचारलं.

“संडास धरणार नाही,” अध्यक्षबाई वर न बघता म्हणाल्या.

छावणीत बैठक बसली. कर्नलसाहेबांनी जेवणघराची एक भिंत देऊ केली, मग तिच्यावर खिळ्यांची फळी आहे हे लक्षात आल्यावर परत घेतली. प्रत्येक वास्तूत कुणी ना कुणी होतं. कुणी आजारी, कुणी शिकणारं, कुणी दाढी करणारं. मेजर ऐकत गेला. माणसं राहतात अशी, पलटणीनं उभी केलेली, आणि जिच्यातल्या माणसांना उठा म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, अशी एकच वास्तू त्याला दिसत होती. ती पलटणीला दिसत नव्हती असं नाही. पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि सगळे फार लक्ष देऊन छताकडे बघत होते.

घरी आल्यावर त्यानं बूटसुद्धा न काढता सांगून टाकलं.

बायकोनं भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि मग विचारलं, “भांडी कधी काढायची?”

नाना मात्र चिडले. “जावईबापू, हे घर पडायचं नाही.”

“नाना, पाडायचंच आहे.”

“पाडा की. मी कुठं अडवतोय? पडायचं नाही एवढंच म्हणतोय.”

आणि खरोखरच ते पडेना. सामान बाहेर अंगणात निघालं, कपाट, खाटा, पिठाचा डबा, बायकोच्या शाळेच्या वह्यांचे गठ्ठे. सगळी पलटण बराकीभोवती गोळा झाली. पहिल्या दिवशी दार निघालं. दुसऱ्या दिवशी खिडक्या. नाना अंगणात आपल्याच खाटेवर बसून प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ‘वा’ म्हणत होते. रात्री तिघं तंबूत झोपत, आणि नाना तंबूच्या दोऱ्या कशा चुकीच्या बांधल्यात ते अंधारातच सांगत. पण हळूहळू पलटणीचा हात बसू लागला. गंजलेल्या बोल्टला तेल पाजून ठेवायचं, आधी छप्पर, मग कैच्या, मग भिंती, हे जवानांना आपलं आपणच सुचत गेलं. बांधताना जी घाई कामाला येते तीच पाडताना नडते, एवढं त्यांना उमगलं. आठवडा संपता संपता कोपऱ्यातला एकच खांब उरला. तो काही केल्या हलेना. उद्या समिती निघणार होती.

जवान थकून बसले. तेव्हा मेजरनं कोट काढून खाटेवर ठेवला आणि पहार उचलली. सगळी पलटण उठून उभी राहिली. मदत करायला नव्हे, बघायला. मेजरनं खांबाच्या बुडाशी पहार घातली आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. खांबाला काही झालं नाही. मेजरचा चेहरा मात्र विटेसारखा लाल झाला. त्यानं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

नाना खाटेवरून उठले. चालत आले. पहारीला त्यांनी हात लावला नाही, फक्त पायानं मातीत एक रेघ ओढली.

“तिथं नव्हे. इथं खालून आडवी खुंटी आहे. मीच मारलीय.” जरा थांबून ते म्हणाले, “पोरगी नुकती चालायला लागली होती तेव्हा. कामावर माझ्यामागं यायची आणि हाच खांब धरून उभी राहायची. म्हटलं, हलायला नको.”

मेजर पहार हातात धरून तसाच उभा राहिला. मग नानांनीच गुडघे टेकले, हातानं माती उकरली आणि खुंटी ओढून काढली. “आता मारा. आणि शिडी धरल्यासारखं नका धरू.”

खांब पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं पहार हवालदारानं सगळ्यांना चहा आणला.

अध्यक्षबाई सकाळी गाडीतून उतरून मोकळ्या जागेभोवती एक फेरी मारून गेल्या. काठीनं त्यांनी दोन-चार ठिकाणी माती टोचून पाहिली. पाया राहिला नव्हता. अंगणातल्या खाटा, कपाट आणि पिठाचा डबा यांच्याकडे त्यांनी एकवार पाहिलं, मेजरच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिलं आणि पलटण राहील एवढंच म्हणाल्या. गाडी पुलावरून पलीकडे गेली आणि कर्नलसाहेबांनी आपल्या खोलीची एक खिडकी उघडली.

संध्याकाळी पहार हवालदार खुंट्या, दोरी आणि आखणीच्या पांढऱ्या फक्कीची बादली घेऊन तंबूशी आला. त्याच्यामागं अर्धी पलटण होती. नियम स्पष्ट होता, हवालदार म्हणाला. घर पडलेल्यांना निवारा देणं हे पलटणीचं पहिलं काम, आणि साहेबांचं घर पडलंय हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मेजर काही बोलायच्या आत बायकोनं फक्कीची बादली हवालदाराच्या हातून काढून घेतली. मोकळ्या जागेवर उभी राहून तिनं आधी चारी बाजूंना पाहिलं, पदर खोचला आणि आखायला सुरुवात केली. स्वयंपाकघर उजेडाकडे, कपाटाला भिंतीत जागा, न्हाणी आतून. मेजरच्या लिहिण्याची खोली अर्धी झाली. त्यानं विरोध केला नाही, दोरीचं एक टोक धरून तो ती सांगेल तिकडे जात राहिला.

नानांची खोली तिनं सगळ्यात शेवटी, स्वयंपाकघराला लागून आखली. नाना त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभे राहिले. हात पसरून त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं.

“लहान आहे,” ते म्हणाले. “एवढ्यात माझी खाट मावली, तर माझी हत्यारं कुठं जातील?”

“मग थोरल्याकडे ऐसपैस आहे, नाना,” मुलगी म्हणाली.

नाना खाली बसले आणि वितीनं जमीन मोजायला लागले. “थांब जरा,” ते म्हणाले. “खाट उभी लावली तर बसेल. जावईबापू, दोरी ओढून धरा.”